सोडता येणं

‘सहाशे पंचवीस द्या,’ एवढंच म्हटलं तरी मेडिकलवाला चिठ्ठी न मागता बरोबर ती स्ट्रिप काढतो. जाड चंदेरी पत्र्याची, आतली गोळी दिसतसुद्धा नाही. ६२५मधले ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनचे. उरलेले १२५ क्लॅव्युलॅनिक आम्लाचे, आणि ते एकटं जंतूंचं फारसं काही वाकडं करत नाही.

मग ते तिथे कशाला? जिवाणूची भिंत रचणारं एक विकर असतं, गवंडीच म्हणा. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं विटेचं सोंग घेऊन त्याच्या हाती पडतात आणि तिथेच चिकटतात. गवंड्याला ती वीट ना लावता येते, ना टाकता. भिंत अर्धवट राहते, जिवाणू फुटतो.

ऑक्सफर्डच्या पेनिसिलिनचा पहिला आजारी माणूस १९४१चा. त्याआधीच, १९४०मध्ये, अब्राहम आणि चेन या तिथल्याच संशोधकांनी पेनिसिलिन निकामी करणारं विकर जिवाणूत सापडल्याचं कळवलं होतं. हे बीटा-लॅक्टमेज त्या गवंड्याच्याच भावकीतलं. दोघंही सेरीन या अमिनो आम्लानेच पेनिसिलिन धरतात. फक्त हा भाऊबंद पाण्याचा एक रेणू बोलावतो, अडकलेलं धुऊन काढतो, की हात मोकळा. गवंड्याला तासन्‌तास जे जमत नाही, ते याच्यातल्या तरबेजाला सेकंदात हजारेक वेळा जमतं.

प्रतिकाराला आपण ताकद समजतो. मला त्यात सोडून देण्याचं कसब दिसतं. क्लॅव्युलॅनिक आम्ल नेमकं तेच मोडतं: या भाऊबंदाच्या हातात जातं, तिथेच रूप पालटतं आणि सुटत नाही. हेही आपलं नव्हेच, मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसकडून उसनं आणलेलं.

पण दिल्लीचं नाव विनाकारण कपाळी आलेलं एनडीएम हे बीटा-लॅक्टमेज सेरीन वापरतच नाही. जस्ताचे दोन आयन पाण्यालाच धार लावून औषधावर सोडतात. धरायला हातच नाही, तर अडकवणार काय? वोक्हार्टच्या संशोधकांनी झिडेबॅक्टम हे औषध घडवताना म्हणूनच मोहरा पुन्हा गवंड्याकडे वळवला. एनडीएमला झिडेबॅक्टम फोडता येत नाही. भिंतीवर गवंडी एकच नसतो: पेनिसिलिनसारखंच काम करणारं, जोडीला दिलेलं सेफेपीम एकाला धरतं, झिडेबॅक्टम दुसऱ्याला. एनडीएमने सेफेपीमचा बराचसा फडशा पाडला, तरी उरलेल्यावर काम भागू शकतं.

गेल्या पावसाळ्यात ड्रॉवर आवरताना एक सहाशे पंचवीस हाती लागली. पत्र्याचा कोपरा फाटलेला. क्लॅव्युलॅनिक आम्लाला ओल सोसत नाही. पांढऱ्या गोळीवर पिवळट डाग उमटले होते.