सावकाशपणाची मजुरी

ज्या हालचालीतून एक दाणाही पिकत नाही, ती रोज अर्धा तास करत राहण्याचा हक्क माणसाला आहे का? भंडारा जिल्ह्यात राहून हा प्रश्न विचारला की जास्त टोचतो. पावसाळ्यात इथे धानाच्या बांधीत बायका सकाळपासून कमरेत वाकून रोवणी करतात. त्याच सकाळी मी, घरून काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर, अंगणात ताई ची करत असतो.

ताई ची मूळची चिनी युद्धकला. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सामान्य लोकांसाठी तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला. पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर इतका हळू न्यायचा, की कुठला पाय 'भरलेला' आणि कुठला 'रिकामा' हे सतत कळत राहावं. याचा उपयोग आहेच. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला होता.

पण उपयोग सिद्ध झाला म्हणून हक्क सिद्ध होत नाही. आमच्या विदर्भाकडे या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. सेवाग्रामचे गांधी आणि पवनारचे विनोबा म्हणायचे, प्रत्येकाने आपल्या भाकरीपुरता घाम गाळावा. एकादश व्रतांमध्ये शरीरश्रम आहे तो त्यासाठीच. त्या हिशेबाने मी हवेत हात फिरवण्यापेक्षा बांधीत उतरलेलं बरं.

मला हे उत्तर आवडतं, पण पुरत नाही. श्रमाने अंग घडतं हे खरं, तसंच श्रमाने अंग झिजतं हेही खरं. रोवणीत पाय चिखलात, कंबर दुमडलेली, एका हातात पऱ्ह्यांची जुडी आणि तासन् तास मागे मागे सरकणं. एकच स्नायू, एकच ताण. आमच्याकडे रोवणीला येणाऱ्या एका काकूंची कंबर दुखत होती. दवाखान्यात गोळ्या मिळाल्या आणि सल्ला मिळाला, "वाकू नका." रोवणी करणाऱ्या बाईला! त्याच काकू एकदा माझ्याकडे बघून हसल्या होत्या, "एवढं हळू काहून करतोस बाबू? काही हरवलं काय?"

मला वाटतं, व्यायाम आणि श्रम यांतला खरा फरक फळाचा नाहीच, वेगाचा आहे. ताई चीत माझा वेग मी ठरवतो. बांधीत तो पाऊस ठरवतो, वाढत चाललेले पऱ्हे ठरवतात आणि हुंडा ठरवतो. एकराचा भाव ठरला की जितकं लवकर उरकेल तितकी कमाई. तिथे कंबर सरळ करायला घेतलेली दोन मिनिटंसुद्धा पैशात मोजली जातात. म्हणून "स्वतःसाठी वेळ काढा" हा सल्ला मला हल्ली निरागस वाटत नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचं आरोग्य मग सद्गुण ठरतं आणि ज्यांच्याकडे नाही त्यांचं दुखणं निष्काळजीपणा.

मग ताई ची सोडू? माझ्या सोडण्याने कुणाची कंबर सरळ होणार नाही. काकूंना शिकवू? दिवसभर वाकलेल्या बाईला संध्याकाळी आणखी एक काम. यंत्राने रोवणी करून घेऊ? कंबर वाचेल, पण हंगामाची मजुरीही जाईल.

उरतो तो हिशेब. घरच्या दोन एकरांत हुंड्याऐवजी रोजाने रोवणी करावी, मधली विश्रांती रोजातच धरावी, असं मी घरी सुचवलं. काकूंनी लगेच हरकत घेतली, "हुंड्यात दोन पैसे जास्त भेटतात." बरोबर आहे. म्हणजे रोज हुंड्याच्या कमाईइतका हवा, आणि वरचे पैसे घरातून, म्हणजे माझ्या पगारातून जायला हवेत. बाबांना हे पटलेलं नाही. "एकाने वाढवलं की गावात सगळ्यांना वाढवावं लागतं," हे त्यांचं म्हणणं. मला ते हरकतीसारखं ऐकूच येत नाही.

सावकाशपणा फुकट नसतो. माझा सावकाशपणा माझ्या पगारात आधीच धरलेला आहे. त्यांचा त्यांच्या मजुरीत धरला जात नाही, तोवर आरोग्य हा शब्द आम्हा दोघांसाठी एकाच अर्थाने वापरता येणार नाही.