आधाराची काठी

आई गेल्यानंतर, 2021 च्या ऑक्टोबरात, पिस्कॅटवे येथील आमच्या घरापुढे आम्ही डॉगवुडचे झाड लावले. डॉगवुड हा 1951 पासून न्यू जर्सीचा अधिकृत स्मृतिवृक्ष आहे, असे समजल्यावर दुसऱ्या झाडाचा विचारच केला नाही. पुढच्या मे महिन्यात फुले यावीत, एवढीच इच्छा.

फुले आली नाहीत. मग मी हट्टाला पेटलो. हिरवळीसाठी आणलेले खत त्याच्याही बुंध्याशी टाकले, रोज सायंकाळी पाणी घातले आणि दोन्ही बाजूंना काठ्या ठोकून खोड असे करकचून बांधले की वाऱ्याने हलेना. पाने मात्र पाहत राहावी अशी आली. 2023 सालीही फूल नाही.

शेवटी समोरच्या घरातले इटालियन आजोबा आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी बुंध्याशी रचलेला लाकडाच्या चोयट्यांचा ढीग हातांनी बाजूला सारला. मुळे फाकतात तो भाग पार गाडला गेला होता. ते म्हणाले, नत्राचे खत फार झाले की झाड पालाच वाढवते. पुढच्या वसंतातली कळी आदल्या उन्हाळ्यातच फांदीच्या टोकाला बटणासारखी धरते, तेव्हा पाण्याची आबाळ नको. आणि जे खोड वाऱ्यात डुलत नाही, ते भरत नाही. काठी फार तर एक वर्ष. (ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नव्हेतच, हेही तेव्हाच कळले. बोगनवेलीसारखीच ती रंगलेली पाने. खरी फुले मधोमध, बारीक.)

वाचकहो, परदेशी रुजण्याची उपमा येथे अपेक्षित असेल, पण मी ती देत नाही. आपण विचार करून आलो. झाडाला कोणी विचारले नव्हते.

मला छळणारा प्रश्न निराळाच आहे. ते खत मी झाडासाठी घातले की माझ्यासाठी? लेवीय 19:23 मध्ये नव्या झाडाचे फळ तीन वर्षे वर्ज्य सांगितले आहे. शोभेच्या झाडाला तो नियम नाही. कोणी म्हणेल, शोभेसाठीच लावलेल्या झाडाकडून शोभा मागण्यात गैर काय? मागण्यात काहीच गैर नाही. पण मागणाऱ्याने आपल्या घाईला सेवा म्हणू नये. उलट बाजूने, हात बांधून बसणे हाही काही संयम नव्हे. मुळे पसरेपर्यंत कोरड्या उन्हाळ्यात पाणी तोडले तर झाड मरते. कोठे थांबावे, हे झाडाकडे पाहूनच ठरवावे लागते, आणि मी पाहत होतो ते फुलांची वाट.

आईच्या शेवटच्या महिन्यांत मी तिला चमच्याने पेज भरवण्याचा आग्रह धरी. ती तोंड फिरवी. मी पुन्हा चमचा पुढे करी. त्यांतले किती चमचे तिच्यासाठी होते, हे मला आजही सांगता येत नाही.

आजोबा गेले त्याच सायंकाळी काठ्या उपटल्या, खत बंद केले. 2025 च्या मे महिन्यात चार फुले आली. तीही रस्त्याच्या बाजूला, आजोबांच्या खिडकीतून दिसतील अशा फांदीवर.