उल्लेख आणि ऋण

एखाद्या रसायनशास्त्रज्ञाने आयुष्यभर प्रयोगशाळेत घेतलेल्या श्रमांचे मोल कशाने ठरवावे? आज या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे: त्याचे शोधनिबंध किती आणि इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा उल्लेख किती वेळा केला, ते मोजावे. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ साली या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बसवल्या. ज्याच्या २० निबंधांचा प्रत्येकी निदान २० वेळा उल्लेख झाला, त्याचा 'एच' निर्देशांक २०. हिशेब सुटसुटीत खरा. परंतु ज्याने तीनच निबंध लिहिले आणि त्यांतून शास्त्राची एक नवी शाखा उभी राहिली, त्याचा निर्देशांक ३ च्या पुढे कधीच जाणार नाही.

वस्तुतः उल्लेख म्हणजे ऋणाची कबुली होय. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली उल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली, ती एखादा विचार पुढे कोणकोणत्या वाटांनी गेला हे अभ्यासकाला कळावे आणि सदोष ठरलेली माहिती कोणी डोळे मिटून पुन्हा वापरू नये, यासाठी. वाट दाखवणाऱ्या त्या सूचीचा पुढे तराजू झाला. या तराजूत स्तुतीसाठी केलेला उल्लेख आणि खंडनासाठी केलेला उल्लेख सारख्याच वजनाचे भरतात!

सेंद्रिय उत्प्रेरणाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला गती देणारा पदार्थ. कित्येक रेणू डाव्या-उजव्या हातांप्रमाणे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात, आणि औषधासाठी त्यांपैकी बहुधा एकच हवा असतो. ही निवड करण्यासाठी धातू अथवा जैविक विकरे हवीत, अशी दीर्घकाळ समजूत होती. तथापि १९७१ च्या सुमारास अमेरिकेत हायोश व पॅरिश यांनी, आणि जर्मनीत एडर, झाउअर व विशर्ट यांनी, प्रोलीन या साध्या अमिनो आम्लाकडून हेच काम करवून घेतले होते. स्टेरॉइड बनवण्याच्या कामी ती क्रिया उपयोगी पडली. तिच्यात एखादे व्यापक तत्त्व दडले असेल, असा विचार मात्र जवळजवळ तीन दशके फारसा कोणी केला नाही. २००० साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेत बेंजामिन लिस्ट यांनी प्रोलीन पुन्हा हाती घेतले. त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनी निराळ्या मार्गाने तेच तत्त्व सिद्ध केले आणि या क्षेत्राला नाव दिले. त्यानंतर निबंधांचा पूर लोटला. ते विस्मृत निबंधही आता पदोपदी उल्लेखिले जाऊ लागले.

आता विचार करा: २००० साली हायोश-पॅरिश यांच्या कार्यात कोणती भर पडली? एका अक्षराचीही नाही. वाढले ते इतरांचे लक्ष. मानसन्मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो, म्हणून ते मानवाचे परम श्रेय होऊ शकत नाही, असे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात म्हटले आहे. उल्लेखसंख्येलाही हाच न्याय लागू पडतो. ज्या तरुण संशोधकाची नोकरी या आकड्यावर टांगलेली आहे, त्याने मात्र २९ वर्षे धीर धरावा कसा? तो स्वाभाविकपणे गर्दीच्या वाटेनेच जाणार. त्याला दोष देणे मला जड जाते.

या गर्दीतही वाटप समान नसते. ज्याच्यापाशी आहे त्याच्याच पदरात भर पडते, या आशयाच्या मत्तयच्या शुभवर्तमानातील वचनावरून समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली या प्रकाराला 'मत्तय परिणाम' असे नाव दिले. त्या निबंधावर नाव एकट्या मर्टन यांचे होते. हॅरिएट झुकरमन यांच्या संशोधनाचा त्यात इतका आधार घेतला होता की तो दोघांच्या नावे प्रसिद्ध व्हायला हवा होता, हे पुढे त्यांनी स्वतःच लिहिले.

लिस्ट यांच्या २००० सालच्या निबंधावर तीन नावे आहेत: लिस्ट, रिचर्ड लर्नर आणि कार्लोस बार्बास. उल्लेखांच्या हिशेबात तिघांच्या खात्यांवर सारखीच भर पडते. २०२१ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लिस्ट व मॅकमिलन यांना विभागून मिळाले. बार्बास २०१४ मध्येच निवर्तले होते, आणि हे पारितोषिक मरणोत्तर देत नाहीत.