अनोळखी वाचकाची वाट

‘मोर माहिती मराठी’. मोराविषयी मराठीत काही वाचावं म्हणून इंटरनेटवर शोध घेतला, की या धाटणीचे मथळे समोर येतात. शेजारी एक उभी रेघ आणि तिच्यापुढे ‘पीकॉक इन्फर्मेशन इन मराठी’. आत गेलं की पहिलं वाक्य साधारण असं: मित्रांनो, आजच्या या लेखात आपण मोर माहिती मराठी जाणून घेणार आहोत. घरात, शाळेत, बाजारात कुणी मराठी माणूस असं बोलत नाही. ‘मोराची’ म्हणताना आपसूक तोंडात येणारा प्रत्यय इथे मुद्दाम गाळलेला असतो. शोधपेटीत लोक घाईघाईने तुटक शब्द टाकतात आणि लिहिणाऱ्याला त्या तुटक शब्दांशी तंतोतंत जुळायचं असतं. लेखकाला मराठी येत नाही असं म्हणून हसणं सोपं आहे. पण त्याला मराठी चांगलं येतं. फक्त तो लिहितो आहे ते मोराविषयी कुतूहल असलेल्या मुलासाठी नाही. मुलाच्या आणि त्याच्या मध्ये शोधयंत्र नावाचा जो दारवान उभा आहे त्याच्यासाठी तो लिहितो आहे, आणि त्या दारवानाच्या आवडीनिवडी सतत बदलत असतात.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या गप्पांत या बदलांना ‘गूगलचे नवे नियम’ म्हणतात. कुणाचं पान शोधनिकालांच्या पहिल्या पानावरून पाचव्यावर गेलं, की नवे नियम काय आहेत ते शोधून त्याप्रमाणे जुने लेख दुरुस्त करायची धावपळ सुरू होते. या धावपळीवर सल्लागारांचा एक अख्खा व्यवसाय पोसला जातो. माझा मुद्दा असा, की या प्रकाराला नियम म्हणून आपण आपलीच फसवणूक करून घेतो. आणि ती करून घेताना नेमकं काय हातचं जातं आहे याकडे आपलं लक्ष राहत नाही.

गूगलच्या आधीची शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. मग लोकांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तेच तेच शब्द भरून ठेवले. माणसाला ते दिसत नसत, यंत्राला दिसत. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेला तोडगा खरोखर देखणा होता. पान स्वतःविषयी काय सांगतं यावर फार विसंबायचं नाही. इतर किती पानं त्याच्याकडे दुवा देतात आणि त्या दुवा देणाऱ्यांची पत काय, हे पाहायचं. संशोधकांच्या जगात संदर्भांवरून निबंधाचं वजन ठरतं, तिथूनच ही कल्पना आली होती. पण दुव्याला किंमत आल्याबरोबर दुव्यांचा बाजार उभा राहिला. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केलं, की ‘जे. सी. पेनी’ हे अमेरिकेतलं बडं दुकान कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत असंख्य शोधांत वर येतं, कारण त्याच्याकडे जाणारे हजारो दुवे भलत्याच ओसाड पानांवर पेरलेले आहेत. त्याच महिन्यात गूगलने ‘पांडा’ हा बदल आणला आणि अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल हलले. ‘डिमांड मीडिया’ ही कंपनी लोक काय शोधतात ते पाहून त्यावर स्वस्तात लेख पाडून घेत असे. जानेवारीत ती शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं होतं. तिच्या धंद्याला पांडानंतर उतरती कळा लागली. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आला, तो दुवे विकत घेणाऱ्यांच्या मागे लागला.

यात गूगलची बाजू खोटी नाही. मोजपट्टी उघड केली, की दुसऱ्या दिवशी लोक मोजपट्टीच्या मापाचं लिखाण करू लागतात. आपल्याकडे दहावीच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘२१ अपेक्षित’ची उजळणी करताना इतिहास किती कळला हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही, पेपरात काय येईल एवढाच येतो. पांडानंतर गूगलमधले शोधविभागाचे प्रमुख अमित सिंघल यांनी संकेतस्थळवाल्यांसाठी एक प्रश्नावली जाहीर केली. या लेखातल्या मजकुरावर तुम्ही विश्वास ठेवाल का? हा लेख छापील मासिकात, विश्वकोशात किंवा पुस्तकात दिसेल अशी तुमची अपेक्षा असेल का? प्रश्न उत्तम होते, कुठल्याही संपादकाने टेबलावर लावून ठेवावेत असे. अडचण एवढीच, की त्यांची उत्तरं माणूस देऊ शकतो आणि क्रम लावणारं यंत्र होतं. यंत्राला विश्वास दिसत नाही, विश्वासाच्या खाणाखुणा दिसतात. पुढे लेखकाच्या अनुभवाला आणि तज्ज्ञतेला महत्त्व आहे असं गूगलने सांगितलं, तेव्हा लेखांखाली ‘वीस वर्षांचा अनुभव असलेले’ परिचय उगवू लागले. पुरणपोळीच्या कृतीआधी आजीच्या आठवणींचे पाच परिच्छेद येऊ लागले. त्यांतल्या किती आज्या खऱ्या, देव जाणे.

म्हणून मोजपट्टीच्या गुप्ततेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दाद मागायची सोय नसल्याची. नियमाला सूचना असते, कारण असतं, अपील असतं. गूगलमध्ये माणसाने हाताने केलेली कारवाई असेल तर फेरविचाराचा अर्ज करता येतो; पण क्रम लावणाऱ्या गणिताच्या बदलामुळे पान खाली गेलं असेल तर अर्ज कुणाकडे करायचा याला उत्तर नाही, कारण त्यांच्या लेखी ती शिक्षाच नसते. आणि जिथे शिक्षा असते तिथेही सगळ्यांचं पारडं सारखं नसतं. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळाला यंत्रासाठी वेगळी आणि माणसासाठी वेगळी पानं दाखवल्याबद्दल गूगलने निकालांतून काढून टाकलं. काही दिवसांत ते परतही आलं. याच्या शेजारी ‘हाउसफ्रेश’ ठेवून पाहा. हवा शुद्ध करणारी यंत्रं स्वतः चालवून, मोजून त्यांची परीक्षणं लिहिणारं हे छोटं संकेतस्थळ. गूगलकडून त्यांच्याकडे दिवसाला सुमारे चार हजार लोक येत. मे २०२४ मध्ये त्यांनी लिहिलं, की तो आकडा दोनशेवर आला आहे आणि त्यांच्या जागी मोठ्या नावाची नियतकालिकं दिसताहेत, ज्यांनी ही यंत्रं तपासल्याचा पुरावा फारसा सापडत नाही. त्यांनी कुठली लबाडी केली होती? कुणीच सांगितलं नाही.

दारवान स्वतःच दुकानदार झाला, की अन्याय आणि चूक यांतला फरक ओळखणं अवघड होतं. हे ब्रिन आणि पेज यांनाही ठाऊक होतं; जाहिरातींवर जगणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल असा इशारा त्यांच्या १९९८ च्या निबंधातच आहे. दोन वर्षांत त्यांच्या कंपनीने जाहिराती विकायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला; विमानप्रवासाच्या शोधात स्वतःचा चौकोन ठळक जागी मांडणं हा त्यातला एक मुद्दा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनमधले न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी त्याने बेकायदा मार्ग वापरले, असा निर्वाळा दिला. हे मोठ्यांचे दावे. त्यांत हाउसफ्रेशसारख्यांची गोष्ट फार तर तळटीप म्हणून येते.

मराठीची गोष्ट तर तळटिपेतही नाही, आणि तिची अडचण थोडी निराळी आहे. नियम बदलल्याचा फटका बसायला आधी नियमांच्या कक्षेत असावं लागतं. इंटरनेटवरची मराठी कितीतरी वर्षं ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये अडकून पडली होती. पडद्यावर देवनागरी दिसे, खाली मात्र रोमन चिन्हांचा काला असे. शोधयंत्राच्या दृष्टीने वृत्तपत्रांतले अग्रलेख म्हणजे निरर्थक अक्षरं होती. युनिकोड रुळल्यावर हे बदललं, पण भाषेची घडण आडवी येतच राहिली. पुणे, पुण्यात, पुण्याहून, पुणेकर ही एकाच कुटुंबातली माणसं आहेत हे यंत्राला कळायला वेळ लागला. शिवाय कितीतरी मराठी लोक मराठी मजकूर रोमन लिपीत शोधतात, म्हणून तो ‘पीकॉक इन्फर्मेशन’चा जोडमथळा. पैसाही उशिरा आला. गूगलच्या जाहिरात योजनेत हिंदीला डिसेंबर २०१४ मध्ये अधिकृत प्रवेश मिळाला, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. त्याआधी मराठीत लिहिणारे बहुतेक हौसेने लिहीत. उत्पन्न आणि तुटक मथळे मराठीत हातात हात घालून आले, असं माझं निरीक्षण आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट दुव्यांची. गूगलचं मूळ गणित दुव्यांवर उभं आहे, आणि आपण दुवा देत नाही. आपल्याला एखादा लेख आवडला तर आपण तो उचलतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात चिकटवतो, बहुधा लेखकाचं नाव कापून, खाली ‘संकलन’ किंवा ‘फॉरवर्डेड’ एवढंच ठेवून. हजारो लोक तो वाचतात, हळहळतात, पुढे ढकलतात. त्यातली एकही शिफारस मूळ पानाच्या खात्यात जमा होत नाही, कारण त्या गटांत शोधयंत्राला शिरकाव नाही. मराठीतलं चांगलं लेखन शोधात मागे पडतं यात गूगलचा दोष असेल तेवढा असो. वाचक म्हणून आपणही आपल्या लेखकांना मत द्यायला कधी बाहेर पडत नाही.

आता तर सौदाच मोडू लागला आहे. इतकी वर्षं व्यवहार सरळ होता: तू माझं पान वाचून तुझ्या यादीत घे, बदल्यात मला वाचक पाठव. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात गूगलने निकालांच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. प्यू या अमेरिकी संस्थेने मार्च २०२५ मधल्या शोधांचा अभ्यास केला. सारांश नसताना लोकांनी १५ टक्के वेळा एखाद्या निकालावर क्लिक केलं होतं, सारांश असताना ८ टक्के वेळा. खुद्द सारांशातल्या दुव्यावर क्लिक करण्याचं प्रमाण जेमतेम १ टक्का. माझा मजकूर सारांशात नको, पण यादीत राहू दे, असं सांगायची धड सोय नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आपला मजकूर वापरू न देण्याचा जो पर्याय गूगलने २०२३ मध्ये दिला, तो या सारांशांना लागू होत नाही. निकालाखालचा उतारा दाखवू नका असं सांगता येतं, पण मग यादीतलं आपलं नाव उघडंबोडकं दिसतं. इंग्रजीत एका विषयावर हजार पानं असतील तर सारांशात त्यांचा काढा होतो. मराठीत त्याच विषयावर धड अशी दोन-तीनच पानं असतात. तिथे सारांश म्हणजे एका माणसाचं काम, नाव पुसून.

यावर ठरलेला सल्ला असा, की शोधयंत्राचा नाद सोडा, स्वतःचा वाचक जोडा. ईमेल यादी करा, चॅनेल काढा, सभासद मिळवा. मराठी नियतकालिकांना हा मार्ग नवा नाही. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून वर्गणीदार आणि दरवर्षी न चुकता अंक घेणारी घरं यांच्यावर आपलं वाङ्मय जगत आलं आहे. कथा, कविता, वैचारिक लेख यांना हा सल्ला लागू पडतो. ज्यांच्याकडे वाचक आवाजासाठी पुन्हा पुन्हा येतो अशा लेखकांनी क्रमवारीकडे पाहणंही सोडावं, असं मी म्हणेन.

पण समजा, एखाद्या निवृत्त तलाठ्याने सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकार’ या रकान्याचा अर्थ सांगणारं पान लिहिलं. बोजा कसा चढतो, कर्ज फिटल्यावर तो उतरवायला कुठे काय द्यावं लागतं, वारसांची नावं लागेपर्यंत काय होतं, हे त्याने आयुष्यभर केलेलं काम. या पानाला सभासद कुठून मिळणार? ज्याला याची गरज पडते त्याला ती आयुष्यात एकदा-दोनदा पडते, तीही अचानक, आणि तोपर्यंत त्याला या तलाठ्याचं नावही ठाऊक नसतं. शोधयंत्राने जगाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती: नाव नसलेल्या जाणकाराकडे ओळख नसलेला गरजू पोचायचा. वर्गणीदारांच्या जगात फक्त ओळखीचे ओळखीच्यांना भेटतात. म्हणून ‘स्वतःचा वाचक जोडा’ हा सल्ला मला अर्धाच वाटतो. तो लेखकाला वाचवतो, पण गरजू माणसाला वाऱ्यावर सोडतो.

त्या तलाठ्याने काय करावं, हे मला विचाराल तर फार थोडं सांगता येईल. मथळा लोक विचारतात तसा, पण प्रत्ययासकट लिहावा. आजचं यंत्र ‘मोराची माहिती’ समजण्याइतकं शहाणं झालं आहे. पानावर शेवटची तपासणी कधी केली ती तारीख घालावी. मजकूर स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर ठेवावा, दुसऱ्याच्या मंचावर नाही. जे आपण स्वतः केलं आहे तेच लिहावं. आणि प्रत्येक बदलामागे धावू नये. कारण हाउसफ्रेशचं उदाहरण सांगतं, की सगळं नीट करूनही माणूस रातोरात अदृश्य होऊ शकतो. मराठी लेखकांनी एकमेकांच्या पानांना उघडपणे दुवे दिले तर तेवढी मदत शोधयंत्राच्या कृपेशिवाय होईल.

बाकीचं काम एकट्या लेखकाच्या आवाक्यातलं नाही. पान खाली ढकललं तर निदान ढोबळ कारण कळावं, माणसाकडे दाद मागता यावी, आणि यादीत राहण्याची संमती सारांशासाठीची संमती म्हणून धरली जाऊ नये. यातल्या कुठल्याही मागणीसाठी गणित उघड करावं लागत नाही. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शोधक्षेत्रात गूगलला विशेष दर्जा दिला. अशा अटी घालण्याचा अधिकार प्राधिकरणाला त्यातून मिळतो. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला, तो बड्या वृत्तसमूहांच्या संघटनेच्या तक्रारीवरून. जाहिरातीच्या महसुलातला त्यांचा वाटा हा त्या तक्रारीचा गाभा आहे, आणि त्यांच्या जागी ती रास्त आहे. महसूलच नसलेल्या, फक्त वाचक हवा असलेल्या पानांच्या वतीने आयोगापुढे अजून कुणी उभं राहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेला हे काम आपलं वाटायला हरकत नसावी, कारण नुकसान शेवटी शोधणाऱ्याचंच आहे.