‘जमा’ म्हणताना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीवर हळदकुंकू वाहताना एक शंका मला दर वर्षी चाटून जाते : आपण पूजा कोणाची करतो, वहीची की वहीतल्या शब्दाची? लहानपणी हा प्रश्न पडत नसे. रोजकीर्द लाल कापडात बांधलेली असे आणि शब्दाचा मुक्काम तिच्यातच असे. आता आमच्या पतसंस्थेची वही संगणकात गेली आहे. पाटावर आम्ही कोरी वही ठेवतो, तिच्यावर स्वस्तिक काढतो. खरी वही मात्र पलीकडच्या खोलीत घरघरत असते.

निवृत्त शिक्षक हिशेबात पक्का असतो, अशा समजुतीने लोकांनी मला या संस्थेच्या संचालक मंडळावर बसवले. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा आमच्या वहीच्या दोन प्रती होत्या. एक कचेरीत, दुसरी दोन गल्ल्या सोडून शाखेत. त्याचा आम्हांला केवढा अभिमान! पण दोघींची नदी एकच होती. हाती उरली ती चिटणिसांनी घरच्या माळ्यावर ठेवलेली, दोन दिवस शिळी प्रत. मधले व्यवहार आम्ही लोकांच्या पावत्यांवरून जुळवीत बसलो. रोज पन्नास रुपये पिग्मी भरणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी कनवटीची ओली पावती माझ्यापुढे उलगडली आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्या वहीत न्हाई म्हंजे म्या पैसं भरलंच न्हाईत व्हय?”

मी पस्तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले. पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

पुढे नवी व्यवस्था ठरवायची वेळ आली. दुसरी प्रत दूरच्या गावी ठेवायची, इथवर सर्वांचे एकमत झाले. ती कशी ठेवायची, हे सांगायला एक तरुण मुलगी आली. तिने दोन रीती सांगितल्या. पहिलीत नोंद दोन्हीकडे होते आणि दूरच्या वहीने ‘लिहिले’ असे कळवल्यावरच इकडे ‘जमा’ म्हणायचे. हिला सिंक्रोनस म्हणतात. दुसरीत इकडे लिहून लगेच ‘जमा’ म्हणायचे. नक्कल मागाहून जाते. ही असिंक्रोनस. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. तार हजार किलोमीटरची असली तर जाऊन येण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. एका पावतीला हे काहीच नाही. पण नोंदींची रांग लागली की तेवढा खोळंबाही साचत जातो. आणि मधली तार तुटली, तर पहिल्या रीतीत बाजाराच्या दिवशी खिडकी बंद! दुसऱ्या रीतीत खिडकी चालू राहते. पण त्याच क्षणी इकडची वही बुडाली, तर वाटेतल्या नोंदी तिच्याबरोबर जातात.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. जगभरचे प्रोग्रामर आपले काम ज्या गिटहबवर ठेवतात, तिथे 21 ऑक्टोबर 2018 रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा दुवा अवघे 43 सेकंद तुटला. कारभार आपोआप पश्चिमेच्या प्रतीकडे गेला. पण पूर्वेच्या शेवटच्या काही नोंदी तिकडे पोहोचल्याच नव्हत्या. दोन वह्या, आणि दोघींतही दुसरीला ठाऊक नसलेल्या नोंदी. त्या नोंदी सोडून देऊन दुकान लवकर उघडता आले असते. त्यांनी ते केले नाही. सेवा 24 तास 11 मिनिटे लंगडत राहिली, पण लिहिलेले सांभाळायचे हा क्रम त्यांनी सोडला नाही.

त्या मुलीने आमच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर प्रश्न होता : ‘किती मिनिटांच्या नोंदी गेलेल्या चालतील?’ कुणी म्हणाले पाच, कुणी म्हणाले पंधरा. मी गप्प होतो. ‘चालतील’ हे क्रियापद मला बोचत होते. चालतील कोणाला? सभेत बसलेल्या आम्हां अकरा जणांपैकी एकाचीही पिग्मी त्या पंधरा मिनिटांत भरली जात नव्हती. दुसऱ्याच्या नुकसानीची मर्यादा आपण सहीनिशी ठरवतो आणि तिला तांत्रिक बाब म्हणतो. खरे पाहता तो नीतीचा प्रश्न आहे.

शेवटी आम्ही पैशांच्या नोंदींसाठी पहिली रीत घेतली. तार तुटली तर खिडकी बंद करायची नाही. मात्र पावतीवर ‘जमा’ न छापता ‘रक्कम मिळाली, नोंद व्हायची आहे’ असे छापायचे. आज्ञाधारक नक्कल आपली चूकही तत्परतेने उतरवून घेते. म्हणून रोज रात्रीची एक शिळी प्रतही वेगळी ठेवायची. आणि ठरावात एक वाक्य मी हट्टाने घातले : वही आणि पावती यांत फरक पडला, तर पावती खरी मानावी आणि तूट संस्थेने सोसावी. एका सभासदांनी विचारले, “गुरुजी, यात संगणकाचे काय?” मी म्हटले, “काही नाही. यात आपले आहे.”

यंत्र किती नकला ठेवील हे पैशावर ठरेल, किती वेगाने ठेवील हे प्रकाशावर. पण ‘जमा’ हा शब्द केव्हा उच्चारायचा, हे ठरवणे माणसाकडेच राहते. यंदा पाटावरच्या कोऱ्या वहीत, स्वस्तिकाखाली, मी मावशींची ती वाळलेली पावती ठेवणार आहे. पूजा कोणाची, ही शंका मग कदाचित येणार नाही.