लाल विंचवाचे विष आणि वेदनेची दारे

वेदनेची सुरुवात संवेदी चेतापेशींच्या पटलातील आयन वाहिन्यांपासून होते. या वाहिन्या म्हणजे प्रथिनांची सूक्ष्म दारे. ती उघडली की सोडिअम किंवा कॅल्शिअमचे विद्युतभारित कण पेशीत शिरतात, विद्युत संदेश उमटतो आणि मज्जारज्जूमार्गे मेंदूपर्यंत जातो. दार किती सहज उघडते आणि किती लवकर मिटते, यावर वेदनेची तीव्रता अवलंबून असते.

रायगड जिल्ह्यात याचे ठळक उदाहरण म्हणजे लाल विंचवाचा दंश. या विषातील काही पेप्टाइडे सोडिअम वाहिन्यांना चिकटतात आणि त्या वेळेवर मिटत नाहीत. चेतापेशी संदेशांमागून संदेश सोडत राहते. म्हणूनच फारशी सूज नसतानाही असह्य ठणका लागतो.

दाहात मात्र वेगळा क्रम दिसतो. दुखावलेल्या ऊतीत प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन ही रसायने तयार होतात. टीआरपीव्ही१ ही वाहिनी एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसला किंवा मिरचीतील कॅप्साइसिनमुळे उघडते. या रसायनांमुळे ती त्याहून कमी उष्णतेलाही उघडू लागते. सुजलेल्या जागी कोमट पाणीही चटका देते ते यामुळे. शिवाय उद्दीपित चेतापेशी स्वतःच सबस्टन्स पीसारखी द्रव्ये सोडते, रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि सूज वाढते. चेतापेशी दाहाची वार्ता नेते, तसा दाह वाढवतेही. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने टीआरपीव्ही१ ही वाहिनी १९९७ मध्ये ओळखली. त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेदना धोक्याची सूचना देते, पण धोक्याचे मोजमाप करत नाही. लाल विंचवाच्या विषाचा खरा धोका स्वायत्त चेतासंस्थेच्या उद्दीपनात असतो. त्यातून दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे बारकाईने नोंदवली आणि प्राझोसिन हे औषध वापरात आणले. त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण खूप घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन सोडिअम वाहिनीला हात लावत नाही. ते अल्फा ग्राही रोखून रक्तवाहिन्यांचे आकुंचन सोडवते. ठणक्यावर दंशाच्या जागी टोचलेले लिग्नोकेन मात्र थेट सोडिअम वाहिन्याच अडवते.

लिग्नोकेन सर्वच सोडिअम वाहिन्या अडवत असल्याने स्पर्शही बधिर होतो. त्यामुळे मुख्यतः वेदनावाहक चेतापेशींत आढळणाऱ्या वाहिन्यांवर काम करणारी औषधे शोधली गेली. एनएव्ही१.८ वाहिनी रोखणाऱ्या सुझेट्रिजिनला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. वेदना शमवणे आणि जीव वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दंशानंतर ठणका कमी झाला तरी रुग्णाला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवणे आवश्यकच असते.