कडा करपा आणि हिंसेचा हिशेब

रोगाच्या जिवाणूंचा बंदोबस्त उपकारक जिवाणूंकडून करून घेतला म्हणजे शेती अहिंसक झाली, असा समज बराच पसरला आहे. तो मला मान्य नाही. तरीही भाताच्या कडा करप्यावर हाच मार्ग नैतिकदृष्ट्या सरस आहे, असं माझं ठाम मत आहे. या रोगात पानाच्या शेंड्यापासून कडेकडेने पिवळा नागमोडी पट्टा खाली उतरतो. सकाळी त्यावर जिवाणूंच्या स्रावाचे दुधाळ थेंब दिसतात आणि वाळले की त्यांचे बारीक पिवळे मणी होतात. भारतात तो पहिल्यांदा आढळला १९५१ साली, महाराष्ट्रातच. त्यावर वर्षानुवर्षं फवारलं गेलं ते स्ट्रेप्टोसायक्लिन, म्हणजे नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने ते बनवलं. यातलं स्ट्रेप्टोमायसिन क्षयावरचं पहिलं गुणकारी प्रतिजैविक. १९४३ साली ते मातीतल्याच एका जिवाणूपासून मिळालं.

मनुस्मृतीतलं बरंच काही टाकून देण्याजोगं आहे, पण तिथली पंचसूनेची कल्पना इथे उपयोगी पडते. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून जीव मरतातच. म्हणून घर सोडा असं सांगितलेलं नाही. रोज पाच यज्ञ करा असं सांगितलं आहे आणि त्यातला एक भूतमात्रांसाठीचा आहे. हिंसा टळत नसेल तर ती कबूल करायची आणि तिचं देणं फेडायचं. मग खरा प्रश्न उरतो तो हिंसा कुठवर पोचते आणि तिचा भार कुणावर पडतो हा. शेतात प्रतिजैविक फवारलं की त्याला न जुमानणारे जिवाणू तगतात, आणि ही ताकद त्यांच्याकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूंकडेही जाऊ शकते. औषध निकामी ठरण्याचा हा धोका ज्या रुग्णांवर येतो, त्यांनी तो भात पाहिलेलाही नसतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने या औषधांचा शेतीतला वापर २०२४ पासून पूर्ण थांबवण्याचा मसुदा काढला, तो याच काळजीपोटी.

याउलट किलोभर बियाण्याला दहा ग्रॅम स्युडोमोनास हा उपकारक जिवाणू चोळला, तर तो मुळांवर वस्ती करतो, लोह बळकावतो आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो. तोही जिवाणूनाशक द्रव्यं बनवतोच, मग फरक काय, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, म्हणूनच मी याला अहिंसा म्हणत नाही. पण ती द्रव्यं मुळापाशी, थोडक्या प्रमाणात तयार होतात आणि रुग्णाच्या औषधाची धार बोथट करत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेतात याचा गुण सारखा येत नाही, आणि पीक गेलं तर उपाशी राहतो तो शेतकरी. युरिया आवरून टाकणं, खाचरातलं पाणी काढणं, २००८ च्या सुधारित सांबा मसुरीसारखे प्रतिकारक वाण लावणं, यांची जोड हवीच. तरी घट आली तर ती एकट्या शेतकऱ्याने का सोसावी? औषधं शाबूत राहण्याचा लाभ साऱ्या समाजाला आहे. भरपाईचा पैसाही सार्वजनिक तिजोरीतूनच यायला हवा.